विस्मरणाआधीची वीस वर्षं

कोकणात तिन्हीसांजेला एखादा म्हातारा रोजच्या वाटेवरून भलतीकडे गेला आणि रात्री शेजारच्या वाडीत सापडला, की अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘चकवा लागला.’ देवळात गाऱ्हाणं होतं, कौल लागतो. महिन्याभरात तेच पुन्हा घडलं, की घरचे म्हणतात, ‘वय झाला, आता असाच होतला.’ डॉक्टरची पाळी येते ती फार उशिरा. म्हातारी रात्री कडी काढून विहिरीच्या दिशेने निघाली, किंवा चुलीवर पातेलं ठेवून तिसऱ्यांदा करपवलं, म्हणजे. तेव्हा मुंबईचा मुलगा फोनवर विचारतो, ‘खोबरेल तेल रोज दोन चमचे दिलं तर मेंदू सुधारतो म्हणतात, ते खरं का?’

चकवा, वय आणि खोबरेल तेल या तिन्ही उत्तरांना माझा आक्षेप आहे. अल्झायमर हा विस्मरणाचा आजार कसा होतो याबद्दल गेल्या काही दशकांत जे कळलं आहे, त्यावरून एक गोष्ट बरीच स्पष्ट दिसते. हा आजार टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी माणसाच्या हातात जे काही आहे, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा स्मरणशक्तीशी वरवर काही संबंधच दिसत नाही. त्या रक्तदाबाच्या गोळीत आहेत, कानाच्या यंत्रात आहेत, पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुलगी कितवीपर्यंत शिकली यात आहेत. त्या चाळिशीत करायच्या आहेत. आणि त्या ज्याच्या त्याच्या शिस्तीवर सोडून दिल्या, तर निदान रत्नागिरी-सिंधुदुर्गात तरी होणार नाहीत.

‘वय झालं’ असं म्हणणाऱ्या खेडूताला हसण्याआधी एक आठवावं. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं. १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि पेशींबाहेर साचलेले थर व पेशींच्या आत गुंतलेले धागे यांचं वर्णन त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं. बाई तरुण होत्या म्हणूनच तो आजार ठरला. तीच लक्षणं सत्तरीत दिसली तर डॉक्टरही पुढची सात दशकं ‘म्हातारपण’ एवढंच म्हणत राहिले. पन्नाशीतला आणि पंचाहत्तरीतला आजार एकच आहे, तो दुर्मीळ नाही, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली ठासून सांगितलं, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं. म्हणजे आपल्या वाडीतलं मत वैद्यकशास्त्राच्या मागे असलं, तर फार तर अर्ध्या शतकाने.

त्या थरांना बीटा-अमायलॉइड म्हणतात, धाग्यांमधल्या प्रथिनाला टाऊ. रुग्ण पहिल्यांदा नातवाचं नाव विसरतो त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून हे साचणं सुरू झालेलं असतं. राजापूरची खाडी अशीच भरली. जहाजं आत येत होती तोवर गाळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि ती यायची थांबली तेव्हा उपसायला फार उशीर झाला होता. अल्झायमरवरची नवी औषधं नेमका हा गाळ उपसतात. लेकॅनेमॅब हे त्यांतलं एक, अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं. मेंदूतलं अमायलॉइड ते खरोखरच कमी करतं. पण दीड वर्षाच्या चाचणीत रुग्णांची घसरण थांबली नाही, ती २७ टक्क्यांनी मंदावली. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध घ्यायचं आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला वरचेवर एमआरआय करायचा. आंबोलीच्या किंवा गुहागरच्या सत्तरीतल्या माणसाने हे कसं करायचं, याचं उत्तर मुंबईच्या वातानुकूलित परिषदेत मिळणार नाही. संशोधनाला माझा विरोध नाही. ते व्हायलाच हवं. या क्षेत्रात घाईने बांधलेले मजलेही आहेत, २००६ साली गाजलेला अमायलॉइडवरचा एक शोधनिबंध चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, तरीही व्हायला हवं. फक्त त्या औषधाची वाट पाहत बसणं हे आपल्या जिल्ह्यांचं धोरण होऊ शकत नाही.

आनुवंशिकतेची भीती बरीच असते, तिच्याबद्दल थोडक्यात. आईला होता म्हणून मला होणारच, असा अल्झायमर फार थोड्या घराण्यांत असतो. एकूण रुग्णांत त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसू लागतो. बाकीच्यांत एपीओई नावाच्या जनुकाचा ‘चार’ हा प्रकार धोका वाढवतो. एका पालकाकडून आला तर सुमारे तिप्पट, दोघांकडून आला तर आठपट किंवा त्याहून जास्त. पण हा प्रकार असलेली माणसं नव्वदीतही लख्ख असतात आणि नसलेल्यांनाही आजार होतो. जनुक बदलता येत नाही, तेव्हा बदलता येण्यासारखं काय, ते पाहावं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०१७ साली अशा नऊ गोष्टी सांगितल्या होत्या, २०२० साली बारा, आणि २०२४ साली चौदा. कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, बैठं जगणं, मधुमेह, तंबाखू ओढणं, रक्तदाब, लठ्ठपणा, अति दारू, एकटेपण, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली अधू दृष्टी. जगभरातल्या स्मृतिभ्रंशापैकी सुमारे ४५ टक्के या चौदांच्या खात्यावर जातो, असा त्यांचा हिशेब आहे. यात अल्झायमरही आला आणि रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणाराही. म्हाताऱ्या मेंदूत बहुधा दोन्ही मिसळलेलेच असतात. हा आकडा समाजाचा आहे, एकट्यादुकट्याचा नाही. रोज चालणाऱ्या, निर्व्यसनी, गाथा तोंडपाठ असलेल्या आजोबांनाही अल्झायमर होतो. त्यांच्या घरच्यांना ‘तुम्ही काळजी घेतली नाहीत’ असं सुचवणंसुद्धा क्रूरपणाचं आहे.

आता हे कोकणात कसं दिसतं? आपला समज असा, की मासे खाणारा, डोंगर चढणारा, मोकळ्या हवेतला माणूस या शहरी रोगांपासून लांब असतो. प्रत्यक्षात भारतात केलेल्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आणि बायकांतलं पुरुषांपेक्षा जास्त निघालं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक बायका होत्या. खेडी, म्हातारपण आणि बायका हे तिन्ही जिथे एकत्र आहेत, तो हा आपला किनारा.

मासे खातो हे खरं. पण पावसाळ्याची बेगमी काय असते तेही बघा. सुकट, खारवलेला बांगडा, सुका बोंबील, खारातले आंबे, लोणचं, पापड, मिठात मुरवलेलं कोकमाचं आगळ. चार महिने मीठ हाच आपला फ्रीज होता. फ्रीज आला तरी जिभेची सवय गेली नाही. त्यात बायकांची सकाळची मशेरी. मशेरीने स्मृतिभ्रंश होतो असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण तंबाखू पोटात गेला किंवा हिरडीला लागला तरी रक्तदाब चढतो, आणि मधल्या वयातला चढा रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची हळूहळू नासधूस करतो, याबद्दल वाद नाही. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. गोळी सुरू केली की चार दिवसांत बरं वाटायला लागेल असंही काही नसतं, मग ती संपली की संपली.

आणि इथेच सगळ्यात भक्कम पुरावा आहे. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांत, चाळिशीपुढच्या आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्या सुमारे ३४ हजार लोकांवर एक चाचणी झाली. निम्म्या गावांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. उरलेल्या गावांत मोठे डॉक्टर नव्हे, तर जुजबी शिक्षण घेतलेले गावडॉक्टर ठरावीक पद्धतीने गोळ्या देत होते, वाढवत होते, घरी रक्तदाब मोजायला शिकवत होते. चार वर्षांनी या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी होता. निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. पंधरा टक्के हा आकडा किरकोळ वाटेल, पण वापरलं काय ते बघा. जुन्या, स्वस्त, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायलाच हव्यात अशा गोळ्या, आणि त्या न चुकता देणारा माणूस. भारतातही रक्तदाब नियंत्रणाचा असा कार्यक्रम २०१७-१८ च्या सुमारास निवडक जिल्ह्यांत सुरू झाला, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. तो हृदयविकार आणि पक्षाघातासाठी होता. त्याच गोळीने आपण कदाचित काही हजार माणसांची स्मृतीही राखत आहोत, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

कानांचं काय? लॅन्सेटच्या हिशेबात बहिरेपण हे वाईट कोलेस्टेरॉलसोबत पहिल्या क्रमांकावर आहे, सात-सात टक्के. कोकणात कान जायची कारणं वयाखेरीजही आहेत. ट्रॉलरच्या इंजिनाजवळ आयुष्य काढलेले खलाशी, जांभ्याच्या खाणीत चिरे कापणाऱ्या यंत्राशी दिवसभर उभे राहणारे, लाकडाच्या गिरणीतले. ऐकू येईना, की माणूस ओटीवरच्या गप्पांतून उठून माजघरात जाऊन बसतो. चारदा ‘काय म्हणालास?’ विचारायची लाज वाटते. घरचेही मग त्याच्याशी खुणांनी, कामापुरतंच बोलतात. चष्म्याला कुणी हसत नाही, कानातल्या यंत्राला अजून हसतात. फुकट यंत्रांच्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. पण यंत्र शिबिरात वाटायची गोष्ट नव्हे. ते कानाप्रमाणे बसवावं लागतं, महिन्याभरात परत जुळवावं लागतं, सेल बदलावे लागतात. नाहीतर सगळ्या आवाजांची एकच कर्कश खिचडी ऐकू येते आणि यंत्र डबीतून कपाटात जातं. शिबिरात किती यंत्रं वाटली याचा फोटो छापून येतो. सहा महिन्यांनी त्यातली किती कानात आहेत, हे मोजणारा सरकारी कागद अजून तयार व्हायचा आहे.

इथे शंका घेणारा विचारेल, आणि त्याने विचारावंच, की बहिरेपणाने स्मृती जाते, की जाणाऱ्या स्मृतीचीच ती पहिली खूण असते? नैराश्याबद्दलही हाच प्रश्न आहे. लक्षणांच्या वीस वर्षं आधी आजार सुरू होत असेल, तर ज्याला आपण कारण म्हणतो तो कदाचित परिणाम असेल. आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ९७७ लोकांवर श्रवणयंत्राची तीन वर्षांची चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्राने काही फरक पडला नाही. पण ज्यांना रक्तदाब, मधुमेह अशा गोष्टींमुळे आधीच जास्त धोका होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. फिनलंडमध्ये १२६० लोकांवर आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तवाहिन्यांची देखरेख असं सगळं एकत्र दोन वर्षं केलं, तर चाचण्यांतले गुण सुधारले. आजार टळला असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. म्हणजे पुरावा सरसकट नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. तरी मी तो पुरेसा मानतो. रक्तदाब आटोक्यात ठेवला, ऐकू येऊ लागलं, मोतीबिंदू काढला आणि शेवटी स्मृतिभ्रंशावर काहीच परिणाम झाला नाही, असं समजू. तरी त्या माणसाला पक्षाघात झाला नाही, नातवाचं बोलणं ऐकू आलं, पाखाडी उतरताना पाय चुकला नाही. एवढ्या कमी तोट्याचा सौदा आरोग्यखात्याला दुसरा कुठे मिळणार?

खोबरेल तेलाचं गणित याच्या उलट आहे. त्याने अल्झायमर बरा झाल्याचा किंवा टळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. शेंगदाणा, सूर्यफूल अशा तेलांच्या तुलनेत ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं हे मात्र अनेक चाचण्यांत दिसलं आहे, आणि ते कोलेस्टेरॉल चौदांच्या यादीत आहे. माडाशी आपलं नातं जिव्हाळ्याचं आहे, सोलकढी कुणी सोडू नये. पण तेलाच्या बाटलीला औषध म्हणणं आणि त्याच घरात रक्तदाबाची गोळी ‘सवय लागते’ म्हणून बंद करणं, हे दोन्ही मी एकाच दिवाणखान्यात ऐकलेलं आहे. हळदीचं, ब्राह्मीचं, जीवनसत्त्वांच्या महागड्या डब्यांचं फार वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा माशाच्या तेलातल्या मेदाच्या कॅप्सूल देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. ब१२ ची कमतरता असेल तर ते द्यावंच लागतं, ती गोष्ट निराळी. उलट विस्मरणाच्या प्रत्येक रुग्णाचं ब१२ आणि थायरॉइड तपासायला हवं, कारण तिथे माणूस खरोखर सुधारू शकतो. आंब्यावरून किंवा माडावरून पडलेल्या, नाहीतर घरातच घसरून डोकं आपटलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साकळूनही असंच विस्मरण येतं, आणि ते शस्त्रक्रियेने बरं होऊ शकतं. ‘वय झाला’ म्हणून हे रुग्णही पडवीत बसून राहतात.

एकटेपणाबद्दल बोलताना गावाची बाजू घेण्याचा मोह होतो. गावात कसला आलाय एकटेपणा, दार उघडलं की शेजारी, असं चाकरमानी म्हणतो. ते त्याच्या लहानपणीचं गाव. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची सुमारे पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची सुमारे दोन टक्क्यांनी घटली. बारा माणसांच्या घरात एक बाई, शेजारच्या तीन घरांना कुलपं, वाडीतल्या हाकेला ओ देणारं कुणी नाही. त्यातली मेख अशी, की मुंबईचा मुलगा आईला पाहतो ते गणपतीत. घर भरलेलं असतं. आई आरत्या न चुकता म्हणते, ऋषिपंचमीची भाजी सांगते, पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातलं भांडण तपशिलाने ऐकवते. मुलगा निर्धास्त होऊन कोकणकन्येने परत जातो. पण अल्झायमर जुन्या आठवणींना शेवटी हात लावतो. आधी जातं ते कालचं, सकाळचं. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, पैसे कुठे ठेवले. हे विचारायला कार्तिकातली एखादी साधी दुपार लागते, आणि तेव्हा घरात कुणी नसतं.

शिक्षणाचा मुद्दा अनेकांना ओढूनताणून आणलेला वाटतो. लहानपणी आणि तरुणपणी मेंदूला जितकं काम मिळतं तितका त्याचा राखीव साठा वाढतो, आणि पुढे तेवढीच हानी झाली तरी लक्षणं उशिरा दिसतात, हा त्यामागचा विचार आहे. आज पंच्याहत्तरीत असलेल्या कित्येक कोकणी बाया चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसल्या. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनीची ही गोष्ट. आज कमी पटाच्या वाडीवरच्या शाळा बंद करून मुलांना लांबच्या शाळेत पाठवायचा विषय निघतो, तेव्हा खर्च दर मुलामागे मोजला जातो. ओढा ओलांडायला लागतो म्हणून जी मुलगी सातवीत शाळा सोडेल, तिचा हिशेब साठ वर्षांनी आरोग्यखात्याच्या वहीत लागेल. अर्थखात्याला तेवढा दम कुठला?

स्वस्त औषध आणि गावातला डॉक्टर यांनी काय होतं, हे कोकणाला चीनकडून शिकायची गरज नाही. विंचू चावून इथे पोरं मरत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरात त्या रुग्णांचा पाठपुरावा केला, प्राझोसिन हे तेव्हाचं रक्तदाबाचं औषध वापरलं, आणि ३०-४० टक्क्यांवरचा मृत्युदर एखाद्या टक्क्यावर आला. विंचवाचं विष तासांत मारतं, अल्झायमरला वीस वर्षं लागतात, म्हणून गवगवा होत नाही, एवढाच फरक.

नवी यंत्रणा उभी करा असं मी म्हणत नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात ऐकू कमी येतं का, अंधुक दिसतं का हे आहेच. साठीपुढच्यांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, हाही प्रश्न आहे. त्यावर खूण झाली की पुढे काय, हे मात्र ठरलेलं नाही. आशाताईने कुणाला सांगायचं? रत्नागिरीत १८८६ पासूनचं मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. तिथे आईला न्यायचं म्हटलं तर मुलगा लोकलाजेने दोन वर्षं थांबतो. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथला एक डॉक्टर महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसला, सोबत कान तपासणारा तंत्रज्ञ आला, तर त्या खुणेला काही अर्थ येईल. त्याआधीचं काम मात्र उपकेंद्राचंच आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर, आणि गोळ्या अखंड.

दर १५ ऑगस्टला ग्रामसभा भरते. पाखाडी, पथदिवे, नळपाणी यांवर हमरीतुमरी होते, ती व्हावीच. यंदा कुणीतरी उठून उपकेंद्राच्या ताईंना एवढंच विचारावं, की गावात रक्तदाबाच्या गोळीवर किती जण आहेत, त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे, आणि गेल्या वर्षात किती दिवस गोळ्या शिल्लक नव्हत्या. तिन्ही आकडे त्यांच्या रजिस्टरात निघतात.